घरातील यंत्रे : तार जोडली, तरी इंटरनेट नाही

घरचे ब्रॉडबँड बंद पडावे आणि मुलीचा परीक्षेचा अर्ज तर आजच भरावयाचा असावा, अशा वेळी मोबाइलचे इंटरनेट तारेने संगणकास पुरविण्याची सोय मोठी उपयोगी पडते. परंतु पुष्कळदा तार जोडूनही फोनवरील ‘यूएसबी टेथरिंग’चे बटण फिकटच राहते. वाचकहो, फोनला दोष देण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, म्हणून आपण फसतो. (प्रस्तुत लेखकाने यापायी एक अख्खी संध्याकाळ घालविली आहे.)

बटण लागले, फोनवर इंटरनेट चालते, पण संगणकावर काही उघडत नाही, असे झाल्यास संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. टेथरिंग एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. विंडोज असल्यास ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी; एरवी अर्ज पुरा होण्याआधीच संगणकाचे अपडेट दिवसाचा डेटा फस्त करावयाचे!