फलकावरचा आकडा कोणाचा?

२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात दिल्ली वाहतूक पोलिसांवर सुमारे दीड लाख दंडनोटिसा एकगठ्ठा मागे घेण्याची पाळी आली. निजामुद्दीन पुलाकडून गाझीपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २४ वर नवे कॅमेरे बसले होते आणि ते ताशी ६० किलोमीटरच्या हिशेबाने वाहने टिपत होते. त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या फलकांवर मात्र ७० चा आकडा होता. ६५ च्या वेगाने जाणारा वाहनचालक डोळ्यांसमोरच्या फलकाची आज्ञा पाळत होता आणि त्याच क्षणी पोलिसांच्या दप्तरी गुन्हेगारही ठरत होता. ज्यांनी दंड आधीच भरून टाकला होता, त्यांची गंमत निराळीच.

ही कारकुनी चूक म्हणून तेव्हा सोडून देण्यात आली. वास्तविक तिच्यात भारतीय संघराज्याच्या एका जुन्या दुखण्याचे लक्षण होते. शहराच्या मध्यभागी वेगमर्यादा ५० वरून ३० वर आणायची म्हटली की तज्ज्ञ रस्त्यावरच्या अपघातांबद्दल बोलतात, वाहनचालक वेळेबद्दल बोलतात आणि पुढारी कोणाबद्दलच बोलत नाहीत. ती मर्यादा जाहीर करणारा गोल फलक नेमका कोणी लावायचा, त्यावरचा आकडा कोणी ठरवायचा आणि तो फलक नसेल किंवा चुकीचा असेल तर जबाबदार कोण, हा प्रश्न मात्र राजकीय आहे. संसदेत तो कधी धड विचारलाच गेला नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ११२ वे कलम या बाबतीत बरेच स्पष्ट आहे. एखाद्या भागात किंवा रस्त्यावर सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वेगावर वेगळे बंधन घालायचे असेल, तर राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने राजपत्रात अधिसूचना काढावी *आणि* कलम ११६ नुसार योग्य जागी वाहतूक चिन्हे उभारावीत, असे ते सांगते. महिनाभराहून अधिक टिकणार नाही अशा तात्पुरत्या बंधनापुरती अधिसूचनेची सूट आहे, फलकाची नाही. म्हणजे राजपत्र आणि फलक हे मर्यादेचे दोन पाय आहेत. एक पाय नसला की मर्यादा लंगडते. वसाहतकाळापासून आपल्याकडे कायदा राजपत्रात छापला की तो प्रजेला कळला असे समजण्याची रीत आहे. वेगमर्यादा हा त्या रीतीला असलेला मोजक्या अपवादांपैकी एक. येथे आज्ञा नागरिकाच्या नजरेसमोर, तो ती मोडण्याआधी, उभी असली पाहिजे असे विधिमंडळानेच म्हटले आहे.

पण हा फलक उभा करायला राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या तिन्ही सूच्या एकत्र याव्या लागतात. यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत आहेत. रस्ते आणि पोलीस राज्यसूचीत आहेत. राष्ट्रीय महामार्ग केंद्रसूचीत. इतर राज्यांत निदान पोलीस आणि बांधकाम खाते एकाच मंत्रिमंडळाला उत्तर देतात. दिल्लीत तेही नाही. कलम २३९ अअ ने सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवले. त्यामुळे वेगमर्यादा ठरवून दंड करणारे वाहतूक पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाचे, मुख्य रस्त्यांवर खांब रोवणारे सार्वजनिक बांधकाम खाते दिल्ली सरकारचे, गल्लीबोळांतले रस्ते महानगरपालिकेचे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आणि कनॉट प्लेसचा परिसर नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा, अशी ही वाटणी आहे. कनॉट प्लेसच्या आतल्या वर्तुळाला १९९५ पासून राजीव चौक आणि बाहेरच्याला इंदिरा चौक असे अधिकृत नाव आहे, आणि तीस वर्षे होऊनही दिल्लीकराच्या तोंडी ते पूर्ण बसलेले नाही. सरकारी पाटीवरची नावे जिथे इतक्या सावकाश रुजतात, तिथे आकडे रात्रीतून रुजतील अशी अपेक्षा करणाऱ्यांचे कौतुक वाटते.

दिल्लीतल्या सत्तासंघर्षाचा इतिहास नोकरशहांच्या बदल्यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. ४ जुलै २०१८ चा घटनापीठाचा निवाडा, ११ मे २०२३ चा दुसरा, आठवड्याभरात आलेला वटहुकूम आणि ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेला कायदा, हे सारे टप्पे वाचकांच्या स्मरणात असतील. त्या भांडणात रस्त्याच्या कडेचा खांब हा विषय कोणाच्याही याचिकेत नव्हता. खांबाला मतदारसंघ नसतो.

संसदेत काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. मोटार वाहन दुरुस्ती विधेयक प्रथम २०१६ मध्ये आले. लोकसभेने ते २०१७ च्या एप्रिलमध्ये मंजूर केले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडले. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात आला, तरी सोळाव्या लोकसभेबरोबर विधेयकही गतप्राण झाले. नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये ते पुन्हा आणले. ३१ जुलैला राज्यसभेने ते दुरुस्त्यांसह संमत केले आणि लोकसभेने त्यावर शेवटची मोहोर उमटवली ती ५ ऑगस्टला. त्या दिवशी राज्यसभेत अनुच्छेद ३७० चा ठराव चालू होता; संसद भवनातल्या कोणाचे लक्ष रस्त्यांकडे असणे शक्यच नव्हते.

या सगळ्या प्रवासात विरोधकांचा भर राज्यांच्या अधिकारांवर होता. परवाने कोण देणार, महसूल कोणाचा, राज्य परिवहन महामंडळांचे काय, हे मुद्दे रास्तच होते. सरकारचा भर जरबेवर होता. मोटारीच्या अतिवेगाचा पहिल्या गुन्ह्याचा दंड ४०० रुपयांपर्यंत होता, तो एक ते दोन हजारांवर गेला. १ सप्टेंबरपासून नवे दंड लागू झाले आणि महिन्याभरातच जरबेची हवा निघू लागली. भारतीय जनता पक्षाचेच राज्य असलेल्या गुजरातने दंड कमी केले. महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती. तिथे अंमलबजावणी थांबली ती २०२१ च्या डिसेंबरपर्यंत. दंडाचा आकडा हा राजकारणाचा विषय झाला. फलकाचा आकडा झाला नाही, आणि तो झाला असता तर महामार्ग २४ वरची नामुष्की कदाचित टळली असती.

त्या कायद्यात नव्याने घातलेले कलम १९८ अ हे या दृष्टीने वाचावे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची सोय त्यात आहे. परंतु तो दंड मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले तरच. चुकीच्या फलकामुळे लाखभर नागरिक नाहक दंडित झाले, पण सुदैवाने कोणी मेले नाही, तर यंत्रणेला कायद्याने काहीही होत नाही. चालकाच्या बाबतीत मात्र अपघात होवो न होवो, नुसता वेग हाच गुन्हा आहे. दोन पारड्यांतला हा फरक नजरेआड करण्यासारखा नाही.

आता ३० च्या मर्यादेकडे येऊ. जून २०२१ मध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी शहरातल्या मर्यादांची नव्याने मांडणी केली. मोटारींना बहुतेक मोठ्या रस्त्यांवर ६० ते ७०, आणि निवासी भाग, बाजारपेठा व सेवारस्ते येथे ३०. हा निर्णय योग्य होता, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ३० च्या वेगाने आदळलेल्या मोटारीखालून बहुतेक माणसे जिवंत उठतात आणि ५० च्या पुढे ती शक्यता झपाट्याने घटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. दिल्लीत मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा पायी चालणाऱ्यांचा असतो. मोटारीत बसलेल्याला ३० ची मर्यादा म्हणजे दोन-चार मिनिटांचा प्रश्न आहे, आणि सिग्नलवर तासन्‌तास अडकणाऱ्या शहरात तोही फारसा खरा नाही.

अडचण वेगळी आहे. निवासी भाग कोठे सुरू होतो? बाजारपेठ कोठे संपते? सदर बाजार किंवा करोल बाग यांना वेस नाही. अनेक ठिकाणी मुख्य रस्ताच बाजारात शिरतो आणि बाजार रस्त्यावर येतो. ३० ची मर्यादा आदेशाच्या कागदावर आहे. ती जिथे सुरू होते त्या प्रत्येक तोंडाशी पांढऱ्या पृष्ठावर लाल कडे आणि काळा आकडा असलेला, रात्री दिव्याच्या झोतात चमकणारा फलक नसेल, तर ११२ व्या कलमाचा दुसरा पाय हवेतच राहतो. चिन्ह कसे असावे याबद्दल वाद नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत ते आखून दिलेले आहे. वाद आहे तो खांबाचा खर्च, खांबाची जागा आणि खांबावर आलेली झाडाची फांदी छाटण्याचा अधिकार यांचा.

युरोपातील शहरांनी हा गुंता वेगळ्या वाटेने सोडवला. पॅरिसने ऑगस्ट २०२१ पासून बहुतेक रस्त्यांना ३० ची मर्यादा लावली, ब्रुसेल्सने त्याच वर्षीच्या जानेवारीत. स्पेनने त्या मे महिन्यात देशभर, शहरांतल्या प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांना ३० ठरवले. यामागचे तत्त्व साधे आहे. कमी वेग हा नियम, आणि ज्या मोजक्या रस्त्यांवर तो वाढवायचा तिथे फलक. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये दिव्यांच्या वस्तीतल्या रस्त्यांसाठी ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही मूळ मर्यादा केली, तेव्हा तिथे प्रचंड ओरड झाली आणि विरोधाच्या अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या. तरीही मर्यादा नेमकी कोणती याविषयी संभ्रम नव्हता. लोकांनी भांडण केले ते धोरणाशी.

आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींना कमाल ७० ची मुभा दिली. म्हणजे शहरात ७० हा मूळ आकडा आणि त्याखालची प्रत्येक मर्यादा हा स्थानिक यंत्रणेने फलक लावून सिद्ध करायचा अपवाद. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्दबातल ठरवली, तेव्हा चर्चा झाली ती द्रुतगती मार्गांवरच्या १२० ची. शहरातल्या ७० कडे फारसे कोणी पाहिले नाही. विरोधाभास असा की त्याच मंत्रालयाचे मंत्री फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेला हजर होते. पादचारी आणि वाहने जिथे एकत्र मिसळतात तिथे कमाल वेग ३० ठेवावा, असे त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. तिकडे ३० ला पाठिंबा आणि इकडे अधिसूचनेत ७०, ही तफावत सभागृहात ठामपणे मांडणारा सदस्य अजून भेटायचा आहे.

दरम्यान, कॅमेऱ्यांची फौज मात्र वाढते आहे. कलम १३६ अ आणि त्याखालचा २०२१ चा नियम १६७ अ यांनी महामार्गांवर आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत इलेक्ट्रॉनिक देखरेखीची चौकट घालून दिली. तो नियम करणाऱ्यांचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. देखरेखीखालच्या टप्प्याआधी तशी सूचना देणारा फलक असलाच पाहिजे आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत गेली पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. पण कॅमेरा आहे हे सांगणारा फलक आणि मर्यादा किती आहे हे सांगणारा फलक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला लावण्याची निकड दंड वसूल करणाऱ्याला असते, कारण त्याशिवाय नोटीस टिकत नाही. दुसऱ्याची निकड फक्त रस्ता ओलांडणाऱ्याला असते.

सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन प्रकरणात ही सूत्रे काही काळ आपल्या हाती घेतली आहेत. राज्यांनी राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांची रचना आणि देखभाल यांचे नियम कलम २१० ड खाली करावेत, असे निर्देश ऑक्टोबर २०२५ मध्ये देण्यात आले. हे कलमही २०१९ च्याच दुरुस्तीचे, आणि सहा वर्षे त्याखाली काय काम झाले हे न्यायालयाला विचारावे लागले, यातच राज्यांची तत्परता दिसते. वेगमर्यादेच्या फलकाची मालकी एका यंत्रणेकडे देणे, अधिसूचनेत फलकांच्या जागांची यादी जोडणे, आणि फलक नसलेल्या किंवा विसंगत असलेल्या टप्प्यावर दंड आपोआप रद्द समजणे, या तीन गोष्टी कायद्याला हात न लावताही नियमांत बसू शकतात. शहरी मध्यवस्तीत ३० हा मूळ आकडा करायचा असेल तर मात्र केंद्राला स्वतःची अधिसूचना नव्याने लिहावी लागेल.

दिल्लीपुरते म्हणायचे तर अखत्यारीची जुनी सबब आता उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली सरकार आणि त्या एप्रिलात महानगरपालिकेचे महापौरपद भाजपकडे आले. केंद्र त्यांच्याकडे होतेच आणि पोलीस व नवी दिल्ली नगरपालिका परिषद ही केंद्राच्या हाताखालची. २०१९ मध्ये ६० आणि ७० या दोन आकड्यांमागे दोन पक्षांची दोन सरकारे आहेत असे सांगता येत होते. यापुढे एका खांबावर ३० आणि दुसऱ्यावर ५० दिसले, तर दोन्ही खांब एकाच घरचे असतील.