‘आमचे लोक’ म्हणजे कोण?

रॅप म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याचजणींच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडायची. बायकांना शिव्या, पैशाची मिजास, गाड्या, बंदुका... यात आपण ऐकावं असं काय आहे? पण गेलं वर्षभर मी चिकानो आणि मेक्सिकन रॅप ऐकते आहे, कळत नाही तिथे शब्दांचे अर्थ शोधते आहे. आठी अजून पुरती गेलेली नाही. मात्र हे सगळं ‘बाजारू’ म्हणून बाजूला सारणं आता मला जमत नाही.

चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक. ते सगळेच बाहेरून आलेले नाहीत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथली माणसं राहत्या घरात परकी झाली. पुढे त्यांच्या मुलांनी शाळेत स्पॅनिश बोललं तर शिक्षा होई. ‘चिकानो’ हा शब्दही आधी हिणवायला वापरत. १९६० च्या दशकात चळवळीतल्या तरुणांनी तो मुद्दाम, छाती पुढे काढून स्वतःला लावून घेतला.

हा अभिमान रॅपमध्ये दणक्यात उमटला तो १९९० मध्ये, पूर्व लॉस एंजेलिसच्या किड फ्रॉस्टच्या ‘ला रासा’ या गाण्यात. रासा म्हणजे वंश, आणि बोलण्यात ‘आपले लोक’. इंग्रजी, स्पॅनिश आणि ‘कालो’ ही वस्तीतली बोली अशी सरमिसळ करत तो बोलतो. मागे ‘एल चिकानो’ या गटाने १९७० मध्ये वाजवलेल्या ‘विवा तिराडो’ची धून फिरत राहते. ज्यांच्या भाषेची लाज वाटायला लावली गेली, त्यांना हे गाणं ऐकताना काय वाटलं असेल ते आपण समजू शकतो.

पण ऐट सगळी मर्दाची. त्याच सुमारास गाजलेलं दुसरं द्वैभाषिक गाणं म्हणजे क्यूबात जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिस भागात वाढलेल्या मेलो मॅन एसचं ‘मेंतिरोसा’. अर्थ : खोटारडी. पुढच्या चिकानो रॅपमध्येही बाई बहुतेकदा तीनच रूपांत भेटते : सोसणारी आई, वाट पाहणारी प्रेयसी आणि दगा देणारी.

या वाट पाहणाऱ्या बाईचा खरा आवाज मला गाण्यांत सापडला नाही, रेडिओवरच्या एका कार्यक्रमात सापडला. आर्ट लाबो हे निवेदक (२०२२ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी वारले) कॅलिफोर्नियात कित्येक दशकं जुनी गाणी लावत. लोक फोन करून कुणासाठी तरी गाणं लावायला सांगत. त्यात तुरुंगातल्या माणसांसाठी फोन करणाऱ्या बायका, आया, लहान मुलं असायची. कैद्याच्या मागे घर, पोरं, कोर्टाच्या तारखा कोण सांभाळतं, हे त्या दोन-तीन वाक्यांच्या निरोपांत ऐकू येई. हीच जुनी गाणी चिकानो रॅपच्या पायाशी आहेत. धून उचलली गेली, फोन करणारी मात्र फोनवरच राहिली.

आणि सांगण्यासारखं तिच्याकडे काय नव्हतं? लॉस एंजेलिसच्या सरकारी दवाखान्यात मेक्सिकन वंशाच्या बायकांवर ऐन बाळंतपणात, कळा चालू असताना सह्या घेऊन नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. काहींना आपल्याला काय झालं हेच कळलं नव्हतं. दहाजणी १९७५ मध्ये कोर्टात गेल्या आणि १९७८ मध्ये हरल्या. न्यायाधीशांनी डॉक्टरांची बाजू घेतली. (आणीबाणीतली आपली नसबंदी आठवल्याशिवाय राहत नाही.) रासाच्या शरीरावर झालेला याहून मोठा हल्ला कोणता? पण चळवळीत हा ‘बायकांचा प्रश्न’ ठरला. चळवळीतल्या पुरुषांना जाब विचारणाऱ्या चिकाना स्त्रियांना ‘वेंदिदा’, म्हणजे विकल्या गेलेल्या, म्हटलं गेलं. ‘आधी मोठा लढा, मग तुमचं बघू’ हे आपण कमी वेळा ऐकलेलं नाही.

खुद्द मेक्सिकोतही हाच पेच. मेक्सिको शहरातल्या मोलोतोव या रॅप-रॉक गटाचा पहिला अल्बम १९९७ मध्ये आला. त्यात भ्रष्ट राजवटीवर सणसणीत गाणं आहे. आणि वेष्टणावर चित्र कसलं, तर गणवेशातल्या शाळकरी मुलीचं, आतले कपडे खाली ओढलेलं. काही दुकानांनी तो विकायला नकार दिला. तिथल्या संस्कृतिरक्षकांना उघडं अंग खुपलं. मला खुपतं ते हे, की सत्तेला शिव्या देणाऱ्यांना बाजारात उभं राहायला मुलीचं शरीर लागलं. दोन्ही आक्षेप एक नव्हेत. बंदीची मागणी मी करणार नाही, पण गप्पही बसणार नाही.

सीमेवरच्या सिउदाद हुआरेझमध्ये १९९३ पासून बायकांच्या खुनांची मोजणी सुरू झाली. मेलेल्यांत कितीतरी तरुण मुली होत्या, काही निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांत राबणाऱ्या. २००१ मध्ये कापसाच्या एका शेतात आठजणींचे मृतदेह सापडले. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने त्या प्रकरणात मेक्सिकोच्या सरकारला दोषी ठरवलं. साधारण त्याच काळात त्याच शहरात ‘बातायोनेस फेमेनिनोस’, म्हणजे बायकांच्या पलटणी, हा रॅप करणाऱ्या मुलींचा गट उभा राहिला. त्या मोर्च्यांत गातात, रस्त्यावर गातात, इतर मुलींना शब्द रचायला शिकवतात. रॅपला पेटी-तबला लागत नाही, शिकवणीची फी लागत नाही. ठेका आणि सांगायची निकड एवढंच पुरतं. जात्यावर बसणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

ओआहाका राज्यातली मारे आद्वेर्तेन्सिया लिरिका ही झापोटेक आदिवासी समाजातली. ती जमिनीवर, अस्मितेवर बोलते आणि पुरुषी सत्तेवरही. ‘आमचे लोक’ हे तीही म्हणते; पण म्हणताना आपल्याच लोकांना प्रश्न विचारते. २०१२ मध्ये तिच्यावर माहितीपट निघाला. २०२२ मध्ये एका बड्या हॉलिवूडपटात तिचं गाणं आलं. हॉलिवूडने हाक मारल्यावर धार टिकते का, अशी शंका मला आली होती. तिच्या बाबतीत ती मी मागे घेते.

गटाच्या बैठकीत ऐकणार असाल तर आधी ‘ला रासा’ लावा, सोबतीला मुलगे असतील तर त्यांनाही बसवा. मग मारेचं एखादं गाणं, अर्थाचा कागद हातात घेऊन. आमच्याकडे दुसऱ्या गाण्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, ‘ताई, हे मराठीत आपण लिहायचं का?’ तिची वही आता निम्मी भरली आहे.