होंडाचे इंजिन आणि कायद्यातला आकडा

होंडा हे नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? ते स्कूटरीवर दिसते, मोटारीवर दिसते आणि लग्नाच्या मांडवामागे घरघरणाऱ्या जनित्रावरही दिसते. या कंपनीची जी कथा व्याख्यानांतून सांगितली जाते ती बहुधा एका माणसाची असते. सोइचिरो होंडा हे लोहाराचे चिरंजीव, जन्म १९०६ चा. शाळेत फारसे मन रमले नाही. पंधरा-सोळा वर्षांचे असताना तोक्योतील एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात ते उमेदवारीला राहिले. महायुद्ध संपल्यावर जपानात वाहनांची टंचाई होती आणि लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी वापरलेली छोटी इंजिने पडून होती. ती त्यांनी सायकलींना बसवली. १९४८ साली कंपनी निघाली, १९५८ मध्ये ‘सुपर कब’ ही दुचाकी आली, १९६३ मध्ये पहिली चारचाकी वाहने.

कथा चांगली आहे, खरीही आहे. पण ती ऐकून मुलांचा असा समज होतो की शोध लावायला जन्मजात अलौकिक माणूस लागतो. होंडाच्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला तरी वेगळाच वाटतो. त्या भागात सोइचिरो यांना स्वतःचा हट्ट सोडावा लागला, आणि शोधाला पहिला धक्का कारखान्याच्या बाहेरून, एका कायद्यातल्या आकड्यामुळे मिळाला.

१८ जुलै १९७० रोजी तोक्योच्या सुगिनामी भागातील एका शाळेच्या मैदानावर चाळीसहून अधिक विद्यार्थ्यांचे डोळे अचानक चुरचुरू लागले, घसे दुखू लागले, श्वास घेणे कठीण झाले. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. हा प्रताप प्रकाश-रासायनिक धुरक्याचा होता. कोळशाच्या काळ्या धुरापेक्षा हे धुरके निराळे. मोटारींच्या धुरातील न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोनसारखे झोंबणारे वायू तयार होतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला हा त्रास फार आधीपासून होता. त्याचे मूळ मोटारींत आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत आहे हे १९५० च्या सुमारास दाखवून दिले ते आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने. गंमत अशी की हा गृहस्थ त्या वेळी अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा अभ्यास करीत होता! हवेतील सूक्ष्म द्रव्ये गोळा करण्याची त्याची हातोटी धुरक्याच्या कामी आली.

कारण कळले म्हणून उपाय होतोच असे नाही. मोटारी विकत घेणारे गाडीचा रंग पाहत, वेग पाहत. धुराची चौकशी कोणी करीत नसे. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो ना! अखेर १९७० च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत हवा स्वच्छ राखण्याचा सुधारित कायदा झाला. सिनेटर एडमंड मस्की यांनी त्यासाठी खटपट केली होती, म्हणून जपानात तो ‘मस्की कायदा’ या नावानेच ओळखला जातो. त्यात आकडे होते. १९७५ सालच्या नव्या गाड्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने १९७० च्या तुलनेत नव्वद टक्क्यांनी कमी झाली पाहिजेत. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचीही अशीच कपात १९७६ पर्यंत. पुढे हेच दर मैलाच्या हिशेबात मांडले गेले: कार्बन मोनॉक्साइड ३.४ ग्रॅम, हायड्रोकार्बने ०.४१ ग्रॅम. आणि हे गुण नव्या कोऱ्या गाडीपुरते असून चालणार नव्हते, पाच वर्षे किंवा ५० हजार मैल टिकायला हवे होते.

डेट्रॉइटच्या बलाढ्य कारखानदारांनी सांगितले की एवढ्या मुदतीत हे होणे शक्य नाही. ते अगदीच खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. अडचण खरी होती, आणि ती समजण्यापुरते रसायनशास्त्र तुम्हाला येतेच.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. बरे, हवा थोडी वाढवावी तर तिसरा शत्रू उभा राहतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा वायू निमूट असतो, पण सिलिंडरमधील प्रखर उष्णतेत तोही ऑक्सिजनशी संयोग पावतो. म्हणजे दोन प्रदूषके घटवायला जावे तर तिसरे वाढते. यातून एक वाट निघते. हवा थोडीथोडकी न वाढवता पुष्कळच वाढवावी. जास्तीची हवा उष्णता शोषून घेते, ज्वालेचे तपमान उतरते आणि नायट्रोजन पुन्हा गप्प बसतो. मात्र इतके विरळ मिश्रण ठिणगीने नीट पेटतच नाही. इंजिन आचके देते आणि न पेटलेले पेट्रोल तसेच धुरात निघून जाते.

पावसाळ्यात सर्दावलेली लाकडे चुलीत पेटवायची असली तर आपण काय करतो? काडी ओढून लाकडाला लावीत बसत नाही. आधी वाळक्या काटक्या पेटवतो आणि त्यांच्या जाळावर मोठे लाकूड धरतो. होंडाच्या अभियंत्यांनी नेमके हेच केले. प्रत्येक सिलिंडरच्या माथ्याशी त्यांनी एक चिमुकला उपकक्ष ठेवला आणि त्याला स्वतंत्र झडप दिली. उपकक्षात पेट्रोल जास्त असलेले दाट मिश्रण यायचे, मुख्य कक्षात विरळ. ठिणगी पडे ती उपकक्षात. दाट मिश्रण चटकन पेट घेई आणि ज्वालेचा झोत अरुंद तोंडातून मुख्य कक्षात शिरून विरळ मिश्रणाला पेटवी. ते संथपणे जळे. त्यामुळे तपमान फार चढत नसे, पण ते बराच वेळ टिकून राही, आणि शिल्लक राहिलेल्या ऑक्सिजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने जळून जात. या इंजिनाला ‘सी.व्ही.सी.सी.’ असे नाव दिले गेले. मराठीत सांगायचे तर संयुक्त भोवऱ्यांनी नियंत्रित केलेले ज्वलन.

उपकक्षाची कल्पना अगदी नवी होती का? नाही. डिझेल इंजिनांत असे उपकक्ष पूर्वीपासून होते. शोध पुष्कळदा असाच लागतो. एका ठिकाणची जुनी वस्तू दुसऱ्या ठिकाणच्या प्रश्नाला लावून पाहायची असते, आणि त्यासाठी प्रश्न आधी नेमका मांडलेला असावा लागतो. तो कायद्याने मांडून दिला होता.

आता सोइचिरो यांच्या हट्टाविषयी. इंजिन हवेनेच थंड करावे असा त्यांचा आग्रह होता. पाणी वापरले तरी ते पाणी शेवटी हवाच थंड करते, मग मध्ये पाणी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो, नाही? पण तरुण अभियंत्यांचा अनुभव वेगळा होता. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात एक भाग जास्त तापतो, दुसरा कमी. जिथे ज्वलन काटेकोरपणे सांभाळायचे आहे तिथे तपमान सगळीकडे स्थिर हवे, आणि ते काम पाणी चांगले करते. पाण्याचे थंडावा देण्याचे सामर्थ्य तुम्ही विशिष्ट उष्णतेच्या धड्यात शिकलाच आहात. वाद चिघळला. अखेर सोइचिरो यांचे जुने सहकारी ताकेओ फुजिसावा मध्ये पडले. तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष राहायचे आहे की अभियंता, असे त्यांनी विचारले म्हणतात. सोइचिरो यांनी माघार घेतली आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर काम सुरू झाले. धन्याला चूक दाखवणारे नोकर आणि ती ऐकून घेणारा धनी, दोन्ही दुर्मिळच.

अशीच आणखी एक हकिगत सांगतात. या इंजिनामुळे आपण अमेरिकेच्या बड्या कंपन्यांच्या बरोबरीने उभे राहू, असे सोइचिरो उत्साहाने म्हणत. तरुण अभियंत्यांना ते रुचले नाही. आपण हे काम कंपनीसाठी करीत नसून समाजासाठी करतो आहोत, असे त्यांचे म्हणणे. ते ऐकून सोइचिरो यांना आपले वय झाल्याची जाणीव झाली. १९७३ मध्ये ते आणि फुजिसावा दोघेही एकदमच निवृत्त झाले.

१९७२ च्या डिसेंबरात या इंजिनाच्या गाड्यांची तपासणी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आपल्या अ‍ॅन आर्बर येथील प्रयोगशाळेत केली. ही परीक्षा कशी घेतात ते पाहण्यासारखे आहे. गाडी रात्रभर थंड ठेवतात. मग तिची चालती चाके रुळांवर ठेवून, जागच्या जागी, ठरलेल्या आलेखाबरहुकूम कमीजास्त वेगाने चालवतात. बाहेर पडणारा धूर मोजक्या हवेत मिसळून त्याचे नमुने पिशव्यांत भरतात आणि त्यात कोणता वायू किती आहे हे उपकरणांनी ठरवतात. होंडा या परीक्षेत उत्तीर्ण झाली. १९७५ च्या मर्यादा पाळणारे हे पहिले इंजिन. तेही धुराच्या नळीत वेगळा उत्प्रेरक न बसवता.

छोट्या गाडीत हे जमेल, मोठ्या गाडीचे काय, अशी शंका काढण्यात आली. तेव्हा होंडाने शेव्हरोले इम्पाला ही आठ सिलिंडरांची अगडबंब अमेरिकन गाडी विकत घेतली, तिच्या इंजिनाला आपल्या पद्धतीचे माथे बसवले आणि १९७३ मध्ये तीही त्याच प्रयोगशाळेत पाठवली. तीसुद्धा १९७५ च्या मर्यादांत बसली! टोयोटा, फोर्ड, क्रायस्लर आणि इसुझु या कंपन्यांनी हे तंत्र वापरण्याचे परवाने घेतले. जपानात १९७३ च्या अखेरीस ‘सिव्हिक’ गाडीत हे इंजिन आले, अमेरिकेत १९७५ साली. मधल्या काळात तेलाचे भाव भडकले होते, त्यामुळे कमी पेट्रोल पिणाऱ्या या लहान गाडीकडे अमेरिकन गिऱ्हाईकही वळले.

इथे गोष्ट संपवली तर ती सोयीची होईल, पण पुरी होणार नाही. होंडा उत्तीर्ण झाली तरी १९७३ च्या एप्रिलमध्ये कायद्याची मुदत एक वर्षाने वाढवण्यात आली आणि पुढेही ती लांबत गेली. दुसरे असे की शेवटी जग दुसऱ्याच वाटेने गेले. डेट्रॉइटने धुराच्या नळीत उत्प्रेरक बसवला. त्यासाठी शिसे नसलेले पेट्रोल सर्वत्र पुरवावे लागले, आणि त्याचा वेगळा मोठा लाभ झाला. पुढे तिन्ही प्रदूषकांना एकाच वेळी आवरणारा उत्प्रेरक आला. त्याला मिश्रण अगदी १४.७ च्या प्रमाणातच लागते, विरळ चालत नाही. मग १९८० च्या दशकाअखेरीस होंडानेही आपले ते इंजिन बाजूला ठेवले. म्हणून काही जण त्याला फसलेला शोध म्हणतात. मला ते पटत नाही. आकडा अशक्य नाही हे त्या इंजिनाने दाखवून दिले, आणि ते दिसल्यावर सबब सांगणे सर्वांनाच अवघड झाले.

नुसता आकडा लिहूनही भागत नाही, तो मोजणाराही हवा. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने डिझेल गाड्यांत अशी युक्ती केली होती की परीक्षा चालू असताना धूर स्वच्छ यावा आणि रस्त्यावर गाडी मोकाट सुटावी. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील मंडळींनी उपकरणे गाडीत घालून भर रस्त्यावर मोजमाप केले, त्यातून हा बनाव २०१५ मध्ये उघड झाला. हेही अभियंत्यांचेच डोके, हे विसरू नका.

आणि होंडा तरी सर्वत्र तशीच वागली का? १९८० च्या दशकात पुण्याच्या कायनेटिकबरोबर तिने आपल्याकडे स्कूटर आणली. बटण दाबून सुरू होणारी, गिअर न बदलता चालणारी ही स्कूटर आपल्या मध्यमवर्गाला फार आवडली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते. या प्रकारात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो आणि वर तेलही जळते. मस्की कायद्याची परीक्षा पहिल्या झटक्यात उत्तीर्ण होणारी कंपनी ती हीच! त्याच सुमारास तिच्या दुसऱ्या भागीदारीतून फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली, पण ती खपली मायलेजवर. आपल्या बाजाराने मायलेज मागितले आणि ते त्याला मिळाले. स्वच्छ धूर तेव्हा ना गिऱ्हाइकाने मागितला, ना कायद्याने. भारतात धुराचे आकडे १९९१ पासून हळूहळू आले, २००० नंतर कडक झाले, तशा टू-स्ट्रोक स्कूटरी दुकानांतून नाहीशा झाल्या. १ एप्रिल २०२० पासून तर पाचवी पायरी ओलांडून एकदम ‘भारत स्टेज सहा’ लागू झाली. तेव्हाही मुदत फार थोडी आहे, अशी तक्रार झालीच होती.

घरी पेट्रोलवर चालणारी दुचाकी असेल तर तिचे पी.यू.सी. प्रमाणपत्र शाळेत घेऊन या आणि शिक्षकांबरोबर वाचा. त्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी दिसेल, हायड्रोकार्बनांचे दशलक्षांशही दिसतील. ही मापे गाडी जागेवर उभी असताना घेतलेली असतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा रकाना मात्र त्यावर सापडणार नाही. तो का नसावा, आणि उभ्या गाडीच्या धुरात ही ऑक्साइडे कमी का असतील, याचे उत्तर वर दिलेल्या रसायनशास्त्रावरून काढता येते.