घरचा केक व पंक्तिप्रपंच

एका पंक्तींत बसलेल्यांपैकीं एकास एक व दुसऱ्यास दुसरें वाढणें, यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, व तो मोठा दोष मानला जातो. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील ज्या घरांत सणावारीं हा नियम कटाक्षानें पाळतात, त्याच घरांत नातवाच्या वाढदिवशीं तो सहज मोडतो. बाजारचा केक येतो, सर्वांच्या हातीं तुकडा पडतो, आणि अंडें वर्ज्य असणारी आजी मात्र पेढ्यावर समाधान मानते. बिनअंड्याचा केक विकत मिळतो हें खरें. परंतु दोन्ही प्रकार एकाच भट्टींत होत असतील, तर सोंवळ्याच्या मनुष्याचें समाधान होत नाहीं.

असल्या पदार्थांवरून एके काळीं मोठीं वादळें उठलीं. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं, त्यावरून ग्रामण्य माजलें, आणि 1892 सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं प्रायश्चित्त घेतलें. ते दिवस गेले, हें बरेंच झालें. परंतु ज्यानें एखादी वस्तु वर्ज्य केली आहे, त्याचा मान राखण्याचें कर्तव्य कांहीं गेलेलें नाहीं. घरीं फळें व दहीं घालून केक केल्यास तें सहज पार पडतें.

केक हा शब्द परका असला, तरी क्रिया परकी नाहीं. कोंकणांत तांदळाचा रवा, गूळ व काकडीचा कीस यांचें धोंडस करतात. पूर्वीं त्याच्या भांड्याखालीं निखारे व झाकणावरही निखारे ठेवीत. वरखालीं सारखी आंच, हेंच भट्टीचें मर्म होय.

कृति अशी: 200 ग्रॅम मैदा, एक लहान चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा एकत्र करून दोनदां चाळावा. पाणी निथळलेलें, किंचित् आंबट असें 200 ग्रॅम दहीं, 150 ग्रॅम साखर व 100 मिलिलिटर पातळ तूप साखर विरघळेपर्यंत फेंटावें. त्यांत मैदा घालून हलक्या हातानें कालवावें. फार घोटल्यास मैद्यांतील चिकट द्रव्य बळावून केक चिवट होतो. शेवटीं 150 ग्रॅम फळांच्या बारीक फोडी, मैद्यांत घोळवून, घालाव्या; म्हणजे त्या तळाशीं बसत नाहींत. वसईचीं केळीं किंवा डहाणू-घोलवडचे चिकू यास उत्तम. हे तालुके 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यांत गेले, तरी त्यांचीं फळें आमच्या बाजारांत पूर्वीप्रमाणेंच येतात. संत्र्यासारखें रसाळ फळ मात्र टाळावें. वासास जायफळ पुरे.

दह्यांतील अम्ल व सोडा एकत्र येतांच कर्बवायु सुटूं लागतो, व त्यानेंच केक फुगतो. म्हणून मिश्रण ताटकळत न ठेवतां, तूप लावलेल्या डब्यांत ओतून 180 अंश सेल्सियसवर 40 ते 45 मिनिटें भाजावें. भट्टी नसल्यास जाड कुकरांत दोन वाट्या मीठ पसरावें, शिटी व रबरी कडें काढावें, व दहा मिनिटें तापल्यावर आंत तिवईवर डबा ठेवावा. मंद आंचेवर पाऊण तास लागतो. सुई खुपसून कोरडी निघाली म्हणजे झाला. पूर्ण निवाल्यावरच कापावा.

एक सूचना. चाळणें व मोजणें हीं कामें मुलांकडे, विशेषतः मुलग्यांकडे द्यावीं. शाळेंत पाठ केलेला अम्ल-क्षारांचा धडा त्यांस येथें प्रत्यक्ष दिसेल. आणि बेत ठरविण्यापूर्वीं पंचांग पाहावें. मैद्याचा हा पदार्थ एकादशीस चालत नाहीं. वाढदिवस त्याच दिवशीं आला, तर केक द्वादशीस करावा. मुलांस एक दिवस थांबावें लागेल, पण आजीचें पान निराळें राहणार नाहीं.