फाशीची फाइल

गहुंजे म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? स्टेडियम. ऑफ कोर्स! मुंबईहून एक्स्प्रेसवेने परत येताना ते स्टेडियम दिसलं की गाडीत पेंगणारासुद्धा 'आलं आपलं' म्हणत सरसावून बसतो. रावेत-किवळ्याला फ्लॅट घेणाऱ्यांकडून तर ब्रोकरने 'स्टेडियमपासून दहा मिनिटं' एवढ्याच भांडवलावर बुकिंगचा चेक काढून घेतलेला असतो.

आमच्या घरात मात्र गहुंजे म्हणजे वेगळंच. मी नाइट शिफ्ट घेतली तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "कॅब गहुंज्यावरून नाही ना जात?" माझं ऑफिस तळवड्याला, घर चिंचवडला. वाटेत गहुंजे येण्याचा काही संबंधच नाही. पण आईच्या नकाशात रात्रीची प्रत्येक कॅब गहुंज्यावरूनच जाते.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर २००७ची रात्र. ती २२ वर्षांची, हिंजवडीत विप्रोच्या बीपीओमध्ये. (तिचं नाव लिहीत नाहीये. कायदा नको म्हणतो आणि मलाही तेच बरं वाटतं.) न्यायला आलेली कॅब ऑफिसनेच लावलेली. चालक ठरलेला, पण आत त्याचा एक मित्र बसलेला, जो तिथे असायचं काही कारणच नव्हतं. कॅब ऑफिसऐवजी गहुंज्याच्या शेताकडे गेली. बलात्कार आणि खून. त्यानंतर हाच चालक त्याच शिफ्टच्या पुढच्या कर्मचाऱ्याला पिक-अप करायला पोचला. उशीर का झाला? तर म्हणे, टायर पंक्चर.

तुम्ही-आम्ही आज ज्या नियमांना वैतागतो, ते या आणि अशाच केसेसनंतर कडक होत गेले. शेवटचा ड्रॉप मुलीचा असेल तर गार्ड, कॅबला जीपीएस, ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात तर लिहिलंच आहे की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि दारापर्यंत सोडायची सोय हवी. 'दहा मिनिटं गार्डची वाट बघायची, काय कटकट आहे' असं म्हणताना ही तारीख लक्षात असू द्या.

पण आजचा विषय कॅबचा नाही. त्या दोघांचं पुढे काय झालं, त्याचा आहे. पोलिसांनी त्यांना लगेच पकडलं. मार्च २०१२मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली. (त्याच उन्हाळ्यात गहुंज्याच्या स्टेडियमवर आयपीएल सुरू झालं. योगायोग.) सप्टेंबर २०१२मध्ये हायकोर्टाने शिक्षा कायम केली, मे २०१५मध्ये सुप्रीम कोर्टानेही. साडेसात वर्षांत तिन्ही पायऱ्या झाल्या. आपल्या कोर्टांच्या मानाने याला फास्टच म्हणायचं.

आणि फाशी झाली नाही.

झालं असं. दोघांनी दयेचे अर्ज केले. राज्यपालांनी ते मार्च २०१६मध्ये फेटाळले, राष्ट्रपतींनी मे २०१७मध्ये. आता उरलं काय? सत्र न्यायालयाने वॉरंट काढायचं आणि तारीख द्यायची. येरवडा जेलमधून कोर्टाला पत्रं जात राहिली. वॉरंट निघालं एप्रिल २०१९मध्ये. राष्ट्रपतींच्या सहीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी! फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९. तोवर दोघं हायकोर्टात गेलेले होते. आमच्या बाबतीत एवढा उशीर का, हा त्यांचा प्रश्न. सरकारकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. २९ जुलै २०१९ला हायकोर्टाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि ९ डिसेंबर २०२४ला तिथेही हरलं. आता ते दोघं साधारण २०४२पर्यंत आत.

ही बातमी आली त्या रात्री आमच्या ग्रुपवर नुसता जाळ होता. 'कायदा आंधळा', 'गुन्हेगारांचेच ह्युमन राइट्स', 'जजच्या घरात मुली नाहीत का'. मी निकालपत्र डाउनलोड केलं आणि दोन रात्री बसून वाचलं. त्यात दया-बिया काही नाही हो. गुन्हा भयंकर नव्हता असं कोर्टाने कुठेच म्हटलेलं नाही. म्हटलंय ते एवढंच: दयेचा अर्ज वेळेत निकाली काढणं आणि वॉरंट वेळेत काढणं हे तुमचं काम होतं. उद्या फास लागेल की परवा, या टांगणीवर माणसाला वर्षानुवर्षं विनाकारण ठेवणं ही शिक्षेवरची आणखी एक शिक्षा झाली आणि ती कुठल्याच कोर्टाने सुनावलेली नव्हती. हा नियमही नवा नाही. जानेवारी २०१४मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने १५ जणांच्या फाशी जन्मठेपेत बदलल्या. त्यातल्या बहुतेकांच्या अशाच उशिरामुळे. म्हणजे गहुंज्याची फाइल मंत्रालयात पोचली तेव्हा उशीर केला तर काय होतं, हे खात्याला चांगलं दीड वर्ष आधीपासून माहीत होतं.

आता हे बघा. दिल्लीचा गुन्हा डिसेंबर २०१२चा. गहुंज्याची फाशी सुनावून झाल्यावर नऊ महिन्यांनी घडलेला. त्यातल्या चौघांना मार्च २०२०मध्ये फाशी झालीसुद्धा. वेळ तिथेही गेला, पण दयेचे अर्ज प्रत्यक्ष आले तेव्हा ते काही दिवसांत निकाली निघाले, कारण प्रत्येक टेबलावर कॅमेऱ्याचा डोळा होता. गहुंज्याच्या फाइलवर कुणाचाच डोळा नव्हता. २००७मध्ये लोक पेटून उठले होते, शिक्षा झाली तेव्हा पेढेही वाटले असतील. नंतर सगळे आपापल्या अप्रेजलला लागले. देश एक, कायदा एक आणि फाइलींचे वेग मात्र दोन. मला राग येतो तो या गोष्टीचा.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट. तो म्हणतो, "ताई, म्हणूनच सांगतो, ठोकून टाकायचं. सतरा वर्षं कोण थांबणार?" हा डायलॉग तुमच्याही घरात झाला असेल, निदान सप्टेंबर २०२४मध्ये तरी. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांच्या केसमधला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला, तेव्हा. मुंबईत 'बदला पुरा'ची पोस्टर्स लागली होती. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टात आला आणि त्यात त्या मृत्यूला व्हॅनमधल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. त्या मुलींच्या बाजूने त्याच्याविरुद्ध जे काही कोर्टात सिद्ध व्हायचं होतं, ते त्याच्याबरोबर संपलं.

हैदराबाद आठवतंय? डिसेंबर २०१९. चार संशयित पहाटे गोळ्या घालून संपवले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. नंतर सुप्रीम कोर्टाने आयोग नेमला, अध्यक्ष आपले मराठी निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. आयोगाने २०२२मध्ये सांगितलं की चकमकीची गोष्ट रचलेली होती, दहा पोलिसांवर खटला चालवा. चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते, असंही आयोगाचं म्हणणं होतं.

हे मी जेवताना सांगितलं तर भाऊ म्हणाला, "असू दे. मेले ना?" बाबा इतका वेळ गप्प भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "अरे, तुझ्या शिफ्टची बस रात्री एकला कुणी अडवली आणि तू पळालास, तर तू चोर की कामगार हे तो ठोकणारा विचारणार आहे का?" भावाने उत्तर दिलं नाही. फक्त ठेच्याची वाटी पुढे ओढली. (बाबांनी तीस वर्षं पिंपरीत युनियन बघितली आहे. वादात नेमकं कुठे बोट ठेवायचं ते त्यांना कळतं.)

आपल्या पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. चाकण, तळेगाव हा ग्रामीणचा पट्टा त्यात आला. चांगलंच झालं, एवढ्या कारखान्यांना आणि एवढ्या रात्रपाळ्यांना पोलीस हवेतच. पण कोयता नाचवणाऱ्या पोरांची त्यांच्याच गल्लीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ आले की आपण ज्या उत्साहाने सॅल्यूटचे इमोजी टाकतो ना, तिथे मला जरा खटकतं. धिंड ही कुठल्याच कायद्यातली शिक्षा नाही. खटला उभा राहतो तो पंचनामा, साक्षीदार आणि वेळेत भरलेलं आरोपपत्र यांच्यावर. त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही आणि काढला तरी कोण बघणार?

कायदा कडक करा, ही दुसरी आवडती मागणी. डिसेंबर २०२१मध्ये आपल्या विधिमंडळाने शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा, तपासाला तीस दिवस. टाळ्या वाजल्या. ते कायदा म्हणून कधी लागूच झालं नाही, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. आणि लागू झालं असतं तरी गहुंज्यात काय फरक पडला असता? तिथे फाशी होतीच की! कायद्यात होती, तीन कोर्टांच्या निकालात होती. टेबलावरून टेबलावर जायला तिला चार वर्षं लागली.

माझ्या शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण विचारते, तू फाशीच्या बाजूने की विरुद्ध? खरं सांगायचं तर मी हल्ली विरुद्ध बाजूला झुकलेय, आईला हे अजून सांगितलेलं नाही. पण गहुंज्यासाठी तो वाद घालायची गरजच नाही. फाशी द्या नाहीतर माफ करा, पण दोन्हीपैकी काय ते वेळेत ठरवा, एवढीच अपेक्षा होती. दिलीही नाही आणि माफही केली नाही. मुलीच्या घरच्यांना प्रत्येक वेळी वाटलं असणार की आता संपलं. आणि दर वेळी पुन्हा कुठलीतरी नवी तारीख.

डिसेंबर २०२४च्या निकालाचा शेवटचा भाग पेपरांनी फारसा छापला नाही. त्यात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की दयेचे अर्ज हाताळायला गृह किंवा कारागृह खात्यात स्वतंत्र कक्ष करा. शिक्षा कायम झाली की सत्र न्यायालयाने स्वतःहून प्रकरण बोर्डावर घ्यावं आणि सरकारला नोटीस काढावी. वॉरंट हातात पडल्यापासून फाशीपर्यंत कैद्याला पंधरा दिवस मिळावेत. वाचायला कंटाळवाणं आहे. 'बदला पुरा'सारखं पोस्टर याचं होणार नाही.

म्हणून मी एक केलं. माहितीच्या अधिकारात गृहविभागाला अर्ज पाठवलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न तीनच. हा कक्ष स्थापन झाला का आणि झाला असेल तर कोणत्या तारखेला? आज महाराष्ट्रात दयेचे किती अर्ज निकालाची वाट बघतायत? त्यातला सगळ्यात जुना अर्ज कधीचा? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की याच पानावर छापते.