हंडे कोणी मोजले?

‘लोकसहभाग’ या शब्दाशी माझे भांडण नाही. शब्द चांगला आहे. सरकारी कागदावर शोभतो, भाषणात टाळी घेतो. माझे भांडण आहे ते त्याच्या चालू अर्थाशी. लोकांनी घाम द्यावा, वर्गणी द्यावी, अंगठा द्यावा. मत मात्र देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे.

ऐन दिवाळीत ही कटकट कशाला, असे कोणी म्हणेल. पण अभ्यंगस्नानाचे पाणीही कोणाच्या तरी कमरेवरून घरात आलेले असते. निदान मी ज्या गावात शिकवीत होतो तिथे तरी.

त्या गावात नळयोजना मंजूर व्हायची होती. ग्रामसभा बोलावली, पण गणपूर्ती झाली नाही, म्हणून ती तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, ही सोय नियमातच आहे! पुढच्या सभेला आम्ही सातजण होतो. ग्रामसेवक म्हणाले, “गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं. तेवढं प्रोसिडिंग लिहून द्या.” मी लिहिले: ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ अंगठे मागाहून शिपायाने घरोघर फिरून आणले. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असाही नियम आहे. तीही मीच घेतली, म्हणजे लिहिली.

नळकोंडाळे बांधले ते पारासमोर. पारावर दिवसभर पुरुषमंडळी बसलेली. पाणी सुटे भर दुपारी, आणि तेव्हा बाया खुरपणीला गेलेल्या. त्या आपल्या पहाटे पूर्वीसारख्याच आडावर जात राहिल्या.

वर्षाने तपासणीचे साहेब जीप घेऊन आले. नळाखाली बादली धरली, घड्याळ पाहिले, आकडा टिपला, चहा घेतला. योजना यशस्वी! त्यांच्या आकड्यात खोटे काहीच नव्हते. जीप गेल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, “गुरुजी, सायबानं पानी मोजलं. हंडे कुनी मोजलेच न्हाईत.”

इतके साधे मूल्यमापन मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

हा रोग आजचा नाही. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. गावोगाव श्रमदान झाले, रस्ते झाले. अन् 1957 साली बलवंतराय मेहता समितीला सांगावे लागले की, लोकांचा स्वतःचा पुढाकार काही जागा झाला नाही. जागा होणार कसा? कुदळ त्यांच्या हाती दिली होती, आराखडा नव्हता. पुढे 2002 साली स्वजलधारा आली. तिने खर्चाचा दहावा हिस्सा गावाकडून मागितला. पैसे मागायला हरकत नाही. पण ज्याचे पैसे घेतले, त्याला हिशेब विचारायचा आणि कामाला नापास म्हणायचा हक्क नको?

“लोकांना काय कळते?” हा प्रश्न मी शिकलेल्यांच्याच तोंडून ऐकतो. त्यांनी हिवरे बाजारला जाऊन यावे. तिथे पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली ग्रामसभा सर्वांची सहमती झाल्याखेरीज निर्णय करीत नाही, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय घोळवते. वेळ लागतो, कबूल. आमची सभा चहा निवायच्या आत आटोपली होती!

बरे, गावाला विचारले म्हणजे सारे मिटते असेही नाही. गावात पाटीलवाडा असतो तशी खालची वस्ती असते, आणि पहिला आवाज पाटीलवाड्याचाच निघतो. म्हणूनच विचारायचे तर आडावर जाऊन विचारावे, पारावर नव्हे.

पुढच्या वर्षी दुसरी योजना आली. ग्रामसेवक वही घेऊन शाळेत आले. मी म्हटले, “आधी सभा होऊ द्या, मग लिहितो. आणि पाणी सोडायची वेळ बायांना विचारून ठरवायची, हा विषय पहिला घ्या.” ते हसले. “गुरुजी, तुम्ही दमलात,” म्हणाले, आणि वही माझ्या शेजारच्या वर्गात घेऊन गेले. तिथल्या तरुण मास्तरांचे अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे.