हजार रुपयांचा धाक

अकोल्यात जठारपेठेतून तोष्णीवाल लेआउटकडे निघालात, की दोन्ही हातांना शिकवणीवर्गांच्या पाट्या. नीट, जेईई, आणि गेल्या साली पास झालेल्यांचे पासपोर्ट फोटो मोठे करून लावलेले फलक. या गर्दीत अलीकडे आणखी एका प्रकारची पाटी दिसू लागली आहे. 'समुपदेशन केंद्र', 'माइंड कोच', 'करिअर सायकॉलॉजिस्ट'. एखाद्या ठिकाणी तर बोटांचे ठसे घेऊन मुलाच्या बुद्धीचा कल सांगण्याची हमी, ज्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. अमरावतीत राजापेठेतही हेच चित्र. या पाट्यांमागे बसणाऱ्यांत काही जण खरोखर शिकलेले आहेत, वर्षानुवर्षे मन लावून काम करणारे आहेत. काहींचे शिक्षण मात्र दोन रविवारच्या ऑनलाइन वर्गात आटोपलेले असते. पाटी दोघांची सारखीच.

वऱ्हाडात कृषी केंद्र काढायचे असेल तर काय काय लागते ते कोणत्याही तालुक्याच्या गावात विचारा. कीटकनाशके विकण्याचा परवाना लागतो, तो ग्राहकाला दिसेल असा भिंतीवर लावावा लागतो, आणि अलीकडच्या नियमांप्रमाणे विक्रेत्याकडे कृषी वा विज्ञानाची पदवी, नाही तर निदान ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र असावे लागते. कपाशीवरच्या बोंडअळीचे औषध देणाऱ्याला कागद हवा. 'मले काही सुदरत नाही' म्हणत समोर येऊन बसलेल्या माणसाचे औषधपाणी करायला निघालेल्याला मात्र कागद कोणी विचारत नाही.

कायदा नाही असे मात्र समजू नका. कायदे तीन आहेत, आणि घोटाळा तिघांच्या मधल्या बोळात आहे.

पहिला १९९२चा, भारतीय पुनर्वास परिषदेचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे आपण ज्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो ते, या परिषदेच्या अखत्यारीत येतात. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत, प्रत्यक्ष रुग्णांत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ दोन वर्षांचे एम.फिल. करायचे, आणि मग केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागते, असा आजवरचा राजरस्ता. नोंद नसताना हा व्यवसाय केला तर शिक्षा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची कमाल रक्कम एक हजार रुपये. शहरातल्या बऱ्याच समुपदेशन केंद्रांत एका बैठकीला याहून जास्त पैसे पडतात. शिवाय न्यायालयाला दखल घ्यायची तर परिषदेने अधिकार दिलेल्या माणसाची लेखी तक्रार हवी, आणि परिषद आहे दिल्लीत. दर्यापुरातला फसलेला बाप ती तक्रार कधी घडवून आणणार?

दुसरा कायदा २०१७चा, मानसिक आरोग्यसेवेचा. तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने मानसिक आरोग्याच्या व्यावसायिकांची नोंद राज्य प्राधिकरणाकडे व्हावी असे सांगितले. त्याच कायद्याने आयुर्वेदात मनोविज्ञान आणि मानसरोग या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना आणि होमिओपॅथीत मनोविकारशास्त्रात एम.डी. केलेल्यांनाही व्यावसायिकांच्या व्याख्येत बसवले. बसवले ते योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. त्या वाटेनेही निदान तीन वर्षे शिकून यावे लागते एवढे नोंदवून पुढे जाऊ.

तिसरा २०२१चा, आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांचा. या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्यांदा 'मानसशास्त्रज्ञ' हा शब्द आला, समुपदेशक आले, मानसिक आरोग्याचे साहाय्यक कार्यकर्ते आले. कंसात अट अशी की, पुनर्वास परिषदेखालचे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ वगळून. म्हणजे एकाच विषयात एम.ए. झालेल्या दोन बहिणींपैकी एक दिल्लीच्या परिषदेकडे आणि दुसरी राज्याच्या परिषदेकडे. कायद्याने राज्यांना सहा महिन्यांत परिषद स्थापायला सांगितले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना बजावावे लागले, की आता दोन महिन्यांत अंमल करा. नोंदवही उघडेल, भरेल, तपासली जाईल, लोकांच्या हाती येईल. पाट्या रंगवणारे तोवर थांबत नाहीत.

'समुपदेशक' हा शब्द या तिन्ही कायद्यांच्या मधे असा उघड्यावर पडला आहे. त्यावर आज कोणाचीच मालकी नाही, म्हणून तो सगळ्यांचा. खुद्द सरकारही या मोकळीकीचा फायदा घेते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत पद लिहिले आहे 'चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ', आणि लगेच तिरकी रेघ मारून 'किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ'. ती तिरकी रेघ म्हणजेच सूट. आम्हांला तिचा राग नाही. देशात नोंदणीकृत माणसेच इतकी थोडी आहेत, की रेघ मारली नसती तर खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या.

थोडी का आहेत, हे मात्र पाहिले पाहिजे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत मानसशास्त्र शिकणारी मुले-मुली कमी नाहीत, आणि वर्गात मुलीच जास्त असतात असा आमचा अनुभव. एम.ए. झाल्यावर यांनी जायचे कुठे? बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत, नाही तर पुण्या-मुंबईच्या मोजक्या जागांवर, देशभरातल्या स्पर्धेतून निवड झाली तर. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. या विषयापुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ देऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने वेळ निभावली. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर इथे आहेत, वऱ्हाडात एकही नाही. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीला ते २०२४ मध्ये मिळाले. या दोन्ही ठिकाणी चिकित्सालयीन मानसशास्त्राचा परिषदमान्य अभ्यासक्रम सुरू करा अशी मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात लावून धरावी. विमानतळाइतकीच ती निकडीची आहे. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांकाची चाचणी करून घ्यायची असली, की इथल्या आईबापांना योग्य माणूस शोधत कुठवर हिंडावे लागते ते त्यांनाच विचारा.

आता सुटीची दुसरी बाजू. परवान्याचा हट्ट धरणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्याचाच एक दाखला समोर ठेवावा. संगत या संस्थेच्या पुढाकाराने आणि इथल्या स्थानिक संस्थांच्या साथीने विदर्भात 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मांडले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत घरोघर जाणारे कार्यकर्ते होते. त्यांच्याजवळ एम.फिल. नव्हते, कित्येकांनी मानसशास्त्राचे पुस्तकही पूर्वी उघडले नसेल. त्यांच्या मागे प्रशिक्षित समुपदेशक होते, आणि त्यांच्याही मागे मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच कुठे ना कुठे उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्के झाले. सहापट. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही दारोदार जाऊन झोप लागते का, जेवण जाते का, मन कशात रमते का, हे विचारण्याचे काम आशाताईच करतात. आशाताईला परवाना मागणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल.

मग आशाताई आणि राजापेठेतला माइंड कोच यांच्यात फरक कोणता? परवाना दोघांकडेही नाही. आशाताईच्या डोक्यावर मात्र कोणीतरी आहे. तिला जे कळत नाही ते कोणाला सांगायचे हे तिला शिकवलेले आहे, आणि ती स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही. ती निदान करत नाही, चाचणी घेत नाही, पाच बैठकांचे पॅकेज विकत नाही. कोचच्या डोक्यावर फक्त पंखा.

परवान्याची गोष्ट निघाली की आमचे काही मित्र अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिकडे कनेक्टिकट राज्याने १९४५ मध्ये मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला कायदा केला, पुढे एकेक करून सगळ्या राज्यांनी. पण ते कायदे वाचले की त्यातला मोठा भाग सुटींचाच निघतो. धर्मोपदेशकाला सूट, शाळेत नेमलेल्याला सूट, वरिष्ठाच्या हाताखाली शिकणाऱ्याला सूट. प्रत्येक सुटीबरोबर अट असते: हे काम या चौकटीतच करायचे, आणि परवानाधारक असल्याचा आव आणायचा नाही. ब्रिटनने २००९ मध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' यांसारखी बिरुदे कायद्याने राखून घेतली. नुसता 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द मात्र मोकळाच सोडला, आणि त्यावरून तिथे अजून कुरकुर चालते. सूट सगळीकडे आहे, पण तिकडे ती विचार करून, लिहून दिलेली असते. आपल्याकडे कोणी विचारत नाही म्हणून मिळालेल्या मोकळीकीलाच सूट म्हणायची पद्धत पडली आहे.

हा प्रश्न येत्या काळात अकोल्याला आणखी टोचणार आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांना आणि शिकवणीवर्गांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचे खरेखुरे प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. सूचना अत्यंत रास्त आहे. बुलडाणा, वाशीम, यवतमाळहून आलेली सतरा वर्षांची पोरे खोली करून राहतात, डबा लावतात, आणि दर रविवारच्या टेस्टमध्ये आपला क्रमांक किती खाली गेला ते मोबाइलवर बघतात. त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवेच. पण ते प्रशिक्षण खरे की खोटे हे ठरवणार कोण? वर्गाचा मालक? त्याला कागदावर एक नाव हवे आहे. ते नाव स्वस्तात पुरवणारे दुकान लगेच उघडते, हा आपल्या बाजाराचा नियम आहे. मागणी सक्तीची आणि कसोटी कोणतीच नाही, म्हणजे नकली बियाण्याच्या हंगामासारखेच. वऱ्हाडाला तो हंगाम नवा नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. धीर द्यायला परवाना नको. कीर्तनकाराला, मास्तरला, बचतगटाच्या ताईला, हेल्पलाइनवर बसलेल्या स्वयंसेवकाला खुशाल सूट असू द्या. परवाना हवा तो तीन गोष्टींना: निदान, चाचणी, आणि फी. या तिन्हींपैकी एकही गोष्ट करणाऱ्याने आपली पदवी, नोंद क्रमांक, आणि नोंद नसेल तर आपण कोणाच्या देखरेखीखाली काम करतो त्या माणसाचे नाव पाटीवर लिहावे. दिल्लीची आणि राज्याची परिषद आपापल्या सवडीने जाग्या होतील. तोवर दोन्ही शहरांच्या महानगरपालिका आणि जिल्हाधिकारी शिकवणीवर्गांपुरती तरी ही अट घालू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच सूचनांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमण्याचे सांगितले आहे, तेव्हा अधिकार शोधत बसायला नको. आणि १९९२च्या कायद्यातला तो हजार रुपयांचा दंड संसदेने एकदा आजच्या भावाने वाढवून घ्यावा. आज त्याला कोणी भीत नाही.

पालकांनी तोपर्यंत एक करावे. फी भरण्याआधी संकोच न करता विचारावे: तुमचे शिक्षण कुठे झाले, पुनर्वास परिषदेचा नोंद क्रमांक आहे का, नसेल तर तुमच्या वर कोण आहे, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवाल? खरे काम करणारा माणूस या प्रश्नांवर रागावत नाही. क्रमांक सांगितलाच तर परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. आणि रात्री-बेरात्री जवळ कोणीच नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.